सुट्टीची तयारी

दत्तप्रसादने प्लास्टिकची टोपी सेन्सरच्या तोंडावर दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने चाचणीच्या छोट्या सिलिंडरची चावी फिरवली. नळीतून गॅस सुस्कारत गेला. मान वाकडी करून तो भिंतीवरच्या पॅनेलकडे पाहत राहिला. आकडा शून्य होता. तो शून्यच राहिला.

"काय म्हणतोय?" मागून मेधा करंदीकरांनी विचारले.

"काय म्हणणार? मुका झालाय."

"पण दिवा तर हिरवा आहे."

"मॅडम, दिवा हिरवा म्हणजे करंट आहे. वास कळतोय असं नाही."

हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या जणांना ऐकवले होते की आता त्याचे त्यालाच त्याचा कंटाळा आला होता. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत पसरतो. म्हणून तो हुंगणारा डबाही जमिनीलगत, ओट्याखाली, वीतभर उंचीवर बसवायचा. डब्याला गॅस कळला की पॅनेल ओरडणार आणि बाहेरच्या गॅसच्या नळीवरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होणार. सारे सोपे होते. फक्त त्यासाठी पन्नाशीच्या माणसाने दर वेळी गुडघे टेकून ओट्याखाली डोके घालायचे, आणि गेल्या काही दिवसांत ह्याच एका ओट्याखाली त्याचे जितके डोके गेले होते तितके साऱ्या बहरीनमध्ये गेले नसेल.

पहिला सेन्सर मेला तेव्हा तो म्हणाला, माल खराब. हा दुसरा. बसवताना दोन्ही ठणठणीत होते; दुसऱ्या दिवशी येऊन पाहावे तर ढिम्म.

तो धडपडत उठला. चिडला की डोक्यावरून मागे हात फिरवायची त्याला सवय होती. दोन्ही तळव्यांनी त्याने केस कानशिलांपासून मानेपर्यंत चापून बसवले, मग पुन्हा एकदा बसवले.

"अहो परब, गुरुवारी परवान्याची तपासणी आहे," मेधा म्हणाल्या. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी रिफातल्या एका गल्लीत, बंगल्यांच्या मागच्या बाजूला, हे स्वयंपाकघर थाटले होते. "गुरुवार हुकला तर पुढची तारीख दिवाळीनंतर. अर्ध्या बहरीनने माझ्याकडे फराळ सांगितलाय. चकल्या काय मेणबत्तीवर तळू?"

"माझं विमान शुक्रवारी आहे, मॅडम," दत्तप्रसाद म्हणाला.

त्याचा मॅनेजर नुमान सकाळीच फोनवर बोलला होता, "परब भाई, रिफा क्लोज़ नहीं हुआ तो फ्रायडे भूल जाओ." दोन वर्षांनी मिळालेली सुट्टी. वीतभर उंचीवरच्या एका मुक्या डब्यावर ती येऊन अडकली होती.

"ह्याला काहीतरी मारतंय," तो म्हणाला. "इथे कोणी सिलिकॉन वापरतं का? चकाकी आणणारं पॉलिश, सिंकच्या कडेला भरतात तो चिकट पदार्थ, असलं काही? ह्याच्या आत एक मणी सारखा तापलेला असतो. सिलिकॉनची वाफ त्या मण्यावर बसली की काचेसारखा थर धरते. मग गॅस समोर आला तरी त्याला पत्ता नाही."

"छे. नवीन सिंकसुद्धा अजून बसवलं नाहीये."

कोपऱ्यात पोहे निवडत बसलेली रखमा उठली. साताऱ्याकडची बाई. मेधांनीच व्हिसा काढून तिला आणले होते आणि स्वयंपाकघराची मदार तिच्यावर होती. ती कपाटाशी गेली आणि एक बाटली घेऊन आली. गाडीचा डॅशबोर्ड चमकवायचा फवारा.

"ह्ये चालतं का, दादा? दसऱ्याला शेगड्यांची पूजा केली, तवा मारलं हुतं. लई चमाकतं."

दत्तप्रसादने बाटली उलटी करून बारीक अक्षरे वाचली. मग ती मेधांच्या नाकासमोर धरली.

"हे बघा. सिलिकॉन. सापडला चोर."

"रखमाबाई!" मेधांनी कपाळावर हात मारला. "कुठून आणलंत हे?"

"बाहिरच्या दुकानातनं. आपल्या घरात न्हाई का पुसत समदं, दसऱ्याला?"

"दसऱ्याला पुसा हो, पण फडक्याने पुसा! अहो, हे शेगड्यांचं आहे का? तुमच्या भक्तीने माझं दुकान बुडेल."

रखमाचा चेहरा उतरला. मेधांनी बाटली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. दत्तप्रसादने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला, केसांवरून समाधानाचा हात फिरवला आणि नवा सेन्सर पाकिटातून काढून, तोंडावरची जाळी बोटाने नीट दाबून, जागेवर बसवला. चाचणी घेतली. आकडा सरसर चढला, पॅनेल किंचाळले, बाहेर व्हॉल्व्ह खट् करून पडला.

"बघितलंत?" तो म्हणाला.

आता कोणी काही फवारू नका, उद्या येऊन एकदा पाहून जातो, असे बजावून तो गेला.

*

नईम वस्तीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत सकाळी आरशासमोर गर्दी असे. दत्तप्रसाद त्यातल्या त्यात लवकर उठून आपला कोपरा धरी. पिशवीच्या आतल्या कप्प्यातून त्याने एक चिंचोळी बाटली काढली, तळहातावर दोन-चार थेंब घेतले, हात एकमेकांवर चोळले आणि केसांना लावले. बदामासारखा मंद वास सुटला. ओल्या काथ्यासारखे उभे राहणारे केस हळूहळू शहाण्यासारखे खाली बसले.

"काय रे दत्तू, पुन्हा लगीन लावूक चललंस काय?" खाटेवरून पांडुरंगने विचारले. तो एका शाळेची बस चालवी. देवगडचा.

"गप रव."

"तुझी बायल तुका वळकाची नाय हां. म्हणात, ह्यो कोण हिरो इलो?"

दत्तप्रसाद हसला नाही. बाटली अपेक्षाने, त्याच्या मुलीने, सुट्टीवरून परतणाऱ्या एका गाववाल्याबरोबर पाठवली होती. वर व्हॉट्सअॅपवर दटावणीही: 'पप्पा, व्हिडिओ कॉलवर तुमचे केस बघवत नाहीत. रोज लावायचं. आळस नको.' पण तो रोज लावत होता ते अपेक्षासाठी नव्हे. मागच्या खेपेला मोपाच्या विमानतळावर तो सामान ढकलत बाहेर आला, तेव्हा कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या बायकोची नजर त्याच्यावर आली होती आणि तशीच पुढे सरकून त्याच्या मागच्या माणसावर गेली होती. क्षणभरच. नंतर ती हसली, म्हणाली, उन्हामुळे दिसलं नाही. तेव्हा ऊन नव्हते.

सुट्टीवर जाणारा प्रत्येक जण इथे महिनाभर आधीपासून असा घासूनपुसून तयार होई. कोणी केस काळे करी, कोणी दात साफ करून घेई, कोणी नवे घड्याळ बांधून त्याच्याकडे पाहत बसे. दोन वर्षांत उन्हाने आणि मेसच्या जेवणाने जे काही केलेले असे, ते चार आठवड्यांत पुसून काढायचे. पांडुरंग हसत होता, पण गेल्या वर्षी त्यानेही हेच केले होते.

*

बुधवारी रिफात पोचल्यावर त्याने बूट काढायच्या आधी पिशवीतून चाचणीचे सिलिंडर काढले. टोपी दाबली. चावी फिरवली.

शून्य.

त्याने नळी तपासली. सिलिंडर हलवून पाहिले. पुन्हा टोपी दाबली. पुन्हा शून्य. वर दिवा हिरवागार.

"मायझया," तो सेन्सरला म्हणाला.

मेधा दारातच थबकल्या. त्यांना विचारावे लागलेच नाही. त्या वळल्या त्या सरळ रखमाकडे.

"काल मी एवढं सांगितल्यावरसुद्धा?"

"म्या न्हाई, ताई."

"मग कोणी? इथे काल रात्री कुलूप लावायला कोण होतं? तुम्हाला स्वच्छतेचं वेड आहे, मला माहितीये. आणखी एक बाटली आहे ना कुठेतरी?"

"बाटली तुमी न्हेली न्हवं? म्या न्हाई, ताई. शप्पत."

मेधांनी दत्तप्रसादकडे पाहिले. तो साक्षीदार होता, जाणकार होता. त्याने काहीतरी बोलावे अशी ती नजर होती. त्याचे दोन्ही हात डोक्यावर गेले आणि केस मागे चापत राहिले. फवारा नाही, पॉलिश नाही, तर मग काय? आणि बाईने केले नसेल तर उद्या तो नुमानला काय सांगणार होता?

"काहीतरी लागलंय खरं," तो पुटपुटला.

तेवढे पुरले.

"रखमाबाई, उद्या तपासणी होईस्तोवर तुम्ही इथे येऊ नका," मेधा म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागले. "पुढचं काय ते मग बघू. मला आता कोणावर भरवसा ठेवणं परवडत नाही."

त्या पर्स उचलून बाहेर गेल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्याच वेळी नुमानचा फोन आला.

"परब भाई, ये क्या तमाशा है? वो सखीर वाला कैंटीन, पिछले हफ्ते तुमने सेन्सर बदला न? वो भी डेड. अभी कंप्लेंट आया."

"सखीर? वहाँ कैसे?"

"मुझे पूछते हो? तुम लगाते हो, मर जाता है. तुम्हारे हाथ में क्या है, भाई?"

नुमान चेष्टेने म्हणाला होता. हसून त्याने फोन ठेवलाही. दत्तप्रसाद मात्र फोन कानाला तसाच धरून उभा राहिला. सखीरच्या त्या कँटीनमध्ये रखमा कधी गेली नव्हती. तिथे दसरा झाला नव्हता.

आणि इथेही, त्याच्या एकदम लक्षात आले, दसऱ्याला हे डबे बसवलेलेच नव्हते. ते बसवले त्यानंतरच्या आठवड्यात. हे काल बाटली हातात धरून ओरडताना त्याला सुचायला हरकत नव्हती.

रखमा स्टीलच्या टेबलाचा कोपरा घासत होती. जायचे होते, तरी घासत होती. तिचा राग सगळा फडक्यात उतरला होता.

"दादा, एक सांगू का? रागवू नगा."

"सांगा."

"तुमी आलासा की ह्यो असला राडा हुतो बगा." तिने टेबलाच्या कडेवर बोट ठेवले. "ह्या कडंला हात ठिवून उठता. त्या पेटीच्या दाराला हात. समदी बोटं उठत्यात. पुसून पुसून माजं हात दुखलं, पर जात न्हाईत. साबन लावला, न्हाई. पानी वतलं की आळवाच्या पानावानी गोळं हुतंय. कसलं त्याल लावता हो हाताला?"

"हाताला? काही नाही."

"मग ह्ये काय?"

तिने ओल्या फडक्याचे पाणी टेबलावर पिळले. ते सगळीकडे पसरले आणि कडेपाशी येऊन थबकले. तिथे चार लांबट जागांवर पाण्याचे मणी उभे राहिले होते. चार बोटे. उजव्या हाताची.

दत्तप्रसादने आपला उजवा तळवा उघडून पाहिला. मग तो नाकाशी नेला. बदाम.

डावा हात केसांवरून फिरवून त्याने तोही हुंगला.

"मागल्या नळाला पाणी आहे?" त्याने विचारले. "आणि भांड्यांचा साबण द्या."

मागच्या अंगणात ऊन रणरणत होते. नळाचे पाणी चहाला आधण ठेवावे इतके तापलेले. दत्तप्रसादने शर्ट काढून खिळ्याला अडकवला, भांड्यांचा हिरवा साबण मूठभर डोक्यावर ओतला आणि नखे लावून खसाखसा चोळू लागला. डोळ्यांत साबण गेला. त्याने पुन्हा ओतला, पुन्हा चोळला. हात कोपरांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून. रखमा दारात फडके धरून उभी होती.

"दादा, बरं हाय न्हवं? ऊन लागलं का?"

त्याने तळवा तिच्यापुढे केला. "पाणी घाला."

तिने तांब्यातून धार धरली. पाणी गोळा न होता हातावरून सरळ पसरत गेले. त्याने मान हलवली.

पिशवीत एकच सेन्सर उरला होता. तो त्याने नवे हातमोजे घालून बसवला, डोक्याला तिचे स्वच्छ फडके बांधून. पॅनेल किंचाळले, व्हॉल्व्ह पडला. तो अवजारे पिशवीत भरत असताना रखमा जवळ आली.

"दादा, ताईंना सांगाल न्हवं, म्या काय क्येलं न्हाई म्हून? तुमचं त्या ऐकत्यात."

"सांगतो," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "उद्या."

*

गुरुवारी तपासणीला आलेला बहरीनी अधिकारी गंभीर, मितभाषी माणूस होता. त्याने ओट्याखाली वाकून पाहिले नाही. वाकणे दत्तप्रसादचे काम होते. टोपी दाबली, चावी फिरली, आणि तो क्षण आला जो दत्तप्रसादला नंतरही आठवत राहिला: आकडा क्षणभर शून्यावर बसून राहिला. मग हलला. मग धावला. पॅनेलच्या कर्कश आवाजाने मेधांनी कानांवर हात ठेवले, पण त्या हसत होत्या. बाहेर खट् असा आवाज झाला.

"खलास," अधिकारी म्हणाला, म्हणजे काम झाले. सही केली, रिकाम्या टेबलाकडे आणि मांडून ठेवलेल्या कढयांकडे एकदा पाहिले आणि निघून गेला.

"जिंकलो हो, परब!" मेधांनी टाळी वाजवली. "आणि बघितलंत ना? काल तिला येऊ नका म्हटलं, आज एका फटक्यात पास. माझा अंदाज खरा ठरला. वाईट वाटतं, पण काय करणार? परत पाठवायचंच बघावं लागेल. दिवाळी झाली की."

दत्तप्रसादच्या खिशात फोन थरथरला. नुमानचा निरोप होता: 'मुबारक. तीनों डेड सेन्सर का रीज़न लिखो, कस्टमर मिसयूज़. सखीर का बाद में देखते हैं, इंशाल्ला. टिकट ऑफिस में है.'

त्याने फोन पालथा करून खिशात ठेवला.

मागचे दार अर्धे उघडे होते. बाहेर सावलीच्या चिंचोळ्या पट्टीत एका पालथ्या क्रेटवर रखमा बसली होती. किल्ली परत द्यायला आली होती. पॅनेलचा आवाज तिनेही ऐकला असणार. ती आत आली नव्हती. आत पाहतही नव्हती; समोरच्या भिंतीकडे तोंड करून, किल्ली मुठीत धरून बसली होती.

सगळे जागच्या जागी बसले होते. मेधांचा फराळ, नुमानचा कागद, शुक्रवारचे विमान. चोर सुटला होता आणि संन्याशाने स्वतःच किल्ली आणून दिली होती. एक वाक्य बोलायचे नाही, एवढेच काय ते करायचे होते, आणि ते तर त्याला चांगलेच जमत असे. काल जमले होते.

"मॅडम, पेलाभर पाणी मिळेल?"

"अहो, पाणी काय, सरबत घ्या!"

"नको. पाणी."

मेधांनी पेला भरून दिला. तो त्याने ओठांना लावला नाही. स्टीलच्या टेबलापाशी जाऊन त्याने ते कडेवर सावकाश ओतले. आज सकाळपासून टेबलाला कोणी फडके लावले नव्हते. पाणी पसरत गेले, आणि कडेपाशी चार बोटांवर मणी होऊन उभे राहिले.

"हे काय करताय?"

"इकडे बघा, मॅडम." त्याने आपला उजवा हात त्या मण्यांच्या वर, जरा अधांतरी धरला. चारही बोटे बरोबर बसली. "ही माझी आहेत."

मेधांना काही समजले नाही.

"मुलीने पाठवलंय, डोक्याला लावायचं," तो म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "त्यात तेच आहे. सिलिकॉन. मी डोक्याला हात लावायचो आणि त्याच हाताने ह्याच्या तोंडावरची जाळी दाबायचो. सखीरलाही तेच झालं. आणि बाईंनी फवारा मारला तेव्हा हे डबे इथे नव्हतेच. दसऱ्याला."

मेधांनी टेबलाकडे पाहिले. मग त्याच्या डोक्याकडे. आज तिथे काही चापून बसवलेले नव्हते. पांढरे-काळे केस चारी दिशांना उभे होते, नारळ सोलून फेकलेल्या काथ्यासारखे. इतके दिवस हा माणूस इथे येत होता आणि त्यांनी त्याच्या डोक्याकडे आजच पहिल्यांदा पाहिले असावे. हसू आले असते. पण त्यांनी ते आत ढकलले.

"काल का नाही बोललात?"

त्याने हातातला रिकामा पेला उगाच फिरवला.

मेधांनी पेला त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. मग त्या मागच्या दाराशी गेल्या. दोन पायऱ्या उतरल्या. त्या काय बोलल्या ते आत ऐकू आले नाही. नंतर क्रेट सरकल्याचा आवाज झाला. रखमा आत आली, कोणाकडे न पाहता सरळ कपाटापाशी गेली, फडके काढले, टेबलाच्या त्या कडेपाशी उभी राहिली आणि मणी पुसू लागली.

"न्हाई जायाचं ह्ये," ती स्वतःशीच करवादली. "आता रांगोळी घिऊन घासावं लागंल."

दत्तप्रसादने ओट्याखालून आपली पिशवी ओढली. आतल्या कप्प्यात चिंचोळी बाटली अजून होती, निम्मी भरलेली.

खिशात फोन वाजायला लागला. त्याने काढून पाहिले. नुमान. रीज़न हवे होते. फोन वाजतच राहिला. रखमाचे फडके क्षणभर थांबले.

त्याचा उजवा हात सवयीने डोक्याकडे गेला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याने तो खाली घेतला, पँटला पुसला, आणि फोन उचलला.